बांडगूळवाले नाना

आमचे शेजारी नाना कुणाच्याही घरी गेले, की माणसांकडे बघायच्या आधी परसातल्या आंब्याकडे बघत. कलमावर बांडगूळ दिसलं, की संपलं. कमरेचा कोयता निघायचा, धोतराचा काचा मारला जायचा आणि घरधनी "अहो नाना, चहा तरी..." म्हणेपर्यंत स्वारी झाडावर.

बांडगूळ म्हणजे झाडाचा रस पिऊन माजणारं परकं झुडूप. लोक ते वरवर खुडून टाकीत. नानांना ते सहन होत नसे. "वीतभर आतून घे, मेल्या! मुळी राहिली तर पुढल्या वर्षी परत हजर!" असं ओरडून ते मोहोरलेली फांदीसुद्धा उतरवीत. एका लग्नात त्यांनी ऐन मंगलाष्टकांत मांडवावर फांदी पाडली. वधूपिता संतापला. नाना वरूनच म्हणाले, "मुलगी चाललीच आहे, झाड तरी वाचू दे!"

मी शाळामास्तर. नानांचे असले किस्से रंगवून सांगण्यात माझा हातखंडा होता. आज त्याचीच लाज वाटते.

नानांच्या गळ्यावर गाठ आली. सुपारीएवढी होती तोवर ते उपरणं गुंडाळून हिंडले. आवळ्याएवढी झाली तेव्हा इथल्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. इंग्रजी येतं म्हणून बरोबर मी. नानांची थोरली बहीण आंधळी. घरात दोघंच. ताईंच्या जेवणाची सोय आमच्याकडे लावून आम्ही आगबोटीत बसलो.

मुंबईच्या डॉक्टरांनी गळा चाचपला आणि मला इंग्रजीत सांगितलं, की कॅन्सर वाटतो. गळ्यातल्या ग्रंथीचे दोन भाग असतात. गाठीकडचा तेवढा काढला तर आवाज बहुतेक राहील, पण रोग पुन्हा उलटायची भीती. दोन्ही काढले तर जगायची आशा जास्त, पण आवाजाच्या शिरा तिथेच असतात. वाचा जाऊ शकते. त्यांचं मत सगळी ग्रंथी काढावी असं होतं. ठरवायचं मात्र नानांनी.

मी सगळं मराठीत सांगितलं. उत्तर मला माहीतच होतं. नानांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"अर्धीच काढायला सांगा."

"नाना, हे तुम्ही सांगताय?"

"हो. बोलणं राहू दे, मास्तर."

मला राग आला. डॉक्टरांच्या देखत मी म्हणालो, "लोकांची झाडं वीतभर आतून तासलीत, आणि स्वतःच्या गळ्याशी आलं तेव्हा कोयता बोथट झाला होय?"

नानांनी उपरण्याचा शेव बोटाला गुंडाळला.

अर्धी ग्रंथी काढून आम्ही परतलो. मी तो किस्सा वाचनालयाच्या पायरीवर नानांची नक्कल करून सांगितला. मंडळी पोट धरधरून हसली.

पुढच्या आठवड्यात बायकोने केलेली पेज घेऊन त्यांच्याकडे गेलो. कुंपणाच्या बेड्यातून आत शिरतो तो घरामागून नानांचा घोगरा आवाज आला. "ताई, मी विहिरीवर आहे हां. दोर सोडतोय. शेवग्यावर भारद्वाज बसलाय बघ. आता कळशी भरली. आलोच."

ओटीवर ताई त्या आवाजाकडे मान फिरवत बसल्या होत्या. नाना खोकायला थांबले, की ताईंचे हात जमीन चाचपू लागत. बोलणं सुरू झालं, की हात मांडीवर येत.

ताईंना दिसत नाही हे मला पंधरा वर्षं ठाऊक होतं. बोटीत बसतानाही ठाऊक होतं. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताईंना माझी चाहूल लागली. "कोण, मास्तर? तुम्ही होतात ना हो बरोबर? गाठ सगळी काढली म्हणतो हा. खरं ना?"

नाना कळशी घेऊन दारात उभे होते.

"सगळी काढली, ताई," मी म्हणालो.

"मास्तरांना पाट देतोय गं," नाना मोठ्याने म्हणाले. मी पाटावर बसलो. मला मान वर करवेना.