सफरचा बोरिवलीतला मुक्काम

शाळेच्या मोठ्या पडद्यावर अरबी समुद्र उघडला तेव्हा त्याच्यासमोर लाकडी पट्टी घेऊन नववीतली स्वरदा उभी होती. पडद्याच्या एका कोपऱ्यात केनियातल्या मोंबासा शहरातला अख्खा वर्ग दिसत होता, दुसऱ्या कोपऱ्यात समुद्रशास्त्रज्ञ रेवती मॅडम. या मॅडमच्या बोटीने दोन आठवड्यांपूर्वी मालवणपासून दूर, खोल पाण्यात एक तरंगता चेंडू सोडला होता. आकार कलिंगडाएवढा, पोटात उपग्रहाशी बोलणारं यंत्र आणि थर्मामीटर, खाली पाण्यात लोंबणारी लांबलचक कापडी नळी. प्रवाह नेईल तिकडे जायचं आणि तासातासाला कळवायचं की मी इथे आहे, पाणी इतकं गरम आहे. बोरिवली आणि मोंबासाच्या शाळांनी तो मिळून दत्तक घेतला होता. नाव ठेवलं सफर. स्वाहिलीतही प्रवासाला जवळपास हाच शब्द आहे म्हटल्यावर दुसरं नाव कुणी सुचवलंच नाही.

नशीब असेल तर सफर वाहत वाहत आफ्रिकेच्या बाजूला जाईल, असं मॅडम म्हणाल्या होत्या. तेव्हापासून मोंबासाची झुहुरा रोज सकाळी दात घासायच्या आधी त्याचा ठिपका बघायची. आज मात्र या वर्गाच्या घाईत तेवढं राहून गेलं होतं.

"तर आपला सफर आता," स्वरदाने ऐटीत पट्टी फिरवली, "आता..."

समुद्रात सफर नव्हता.

सरांनी नकाशा सरकवला. ठिपका सापडला, पण जमिनीवर. सर नकाशा मोठा करत गेले तसा ठिपका हायवे सोडून बोरिवलीत शिरला, भाजी मार्केट ओलांडून एका गल्लीत वळला आणि एका चारमजली इमारतीवर येऊन शांत बसला. स्वरदाने ती गच्ची ओळखली. त्या गच्चीवर तिच्या घरचे पापड वाळायचे.

"बोरिवलीत समुद्र आहे?" झुहुराने विचारलं. तिला खरंच माहिती हवी होती.

"गोराईला आहे," स्वरदा म्हणाली. "पण तो आमच्या घरापर्यंत येत नाही. अजून तरी."

मागच्या बाकांवर हसू फुटलं. रेवती मॅडम मात्र हसल्या नाहीत. कालपासून त्यांच्याकडे ईमेलांचा पाऊस पडत होता. आधी फ्रान्समधल्या एक बाई विचारत होत्या, तुमच्याकडचा समुद्र अचानक दोन अंशांवर कसा आला, गोठतोय का? मग कोरियातल्या गृहस्थांनी कळवलं की किनाऱ्यालगत ताशी साठ किलोमीटर वेगाचा नवा प्रवाह सापडलाय, आणि तो मध्ये एका ठिकाणी अर्धा तास थांबतो. आणि आज सकाळी ब्राझीलहून विचारणा आली, पाणी बेचाळीस अंश? तिथे मासे जिवंत आहेत का?

स्वरदाच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला, आणि तो पडू नये असं तिला फार वाटलं.

झालं होतं असं. समुद्रात जायच्या आधी सफर मॅडमच्या अंधेरीच्या ऑफिसात ठेवला होता आणि वर्ग त्याला बघायला गेला होता. त्याच्या अंगावर इंग्रजीत छापलं होतं, पाण्याबाहेर काढू नये. त्याखाली स्वरदाने मॅडमची पाठ वळल्यावर पक्क्या शाईच्या पेनाने आपलं नाव लिहिलं. नुसतं नाव ओकंबोकं वाटलं म्हणून पत्ता लिहिला. आणि तो मालवणहून निघणार, म्हणून प्रेमाने तिथल्या मामाचंही नाव लिहिलं: अण्णामामा, मालवण बंदर.

आता कोकणातल्या माणसाला एखादी वस्तू मुंबईच्या भाचीची आहे हे कळलं, की ती कशाला हवी असेल वगैरे प्रश्न त्याला पडत नाहीत. ती रात्रीच्या गाडीत घालायची असते. सफर ज्या होडीच्या जाळ्यात आला तिने तो अण्णामामाकडे पोचवला, आणि मामाने तो सुरमईच्या खोक्यात, बर्फात नीट बसवून बोरिवलीला रवाना केला. वाटेत गाडी चहाला थांबली.

सरांनी फोन दिला. स्वरदाने दोन देशांच्या साक्षीने, स्पीकरवर, आईला फोन लावला.

"हो, आलाय ना सकाळीच," आई म्हणाली. "गॅलरीत उन्हात ठेवलाय. माशाचा वास येत होता गं. खालचं कापड मशीनला लावून धुतलं. चांगलं जाड आहे, पण मेल्यांनी केवढाली भोकं पाडून ठेवलीत. टेलरकडे टाकलंय ठिगळं लावायला."

रेवती मॅडमनी डोळे मिटले. "त्या भोकांतूनच पाणी खेळतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणून तो वाऱ्यामागे न धावता प्रवाहाबरोबर जातो."

"कोण बोलतंय?" आईने विचारलं.

"शास्त्रज्ञ आहेत."

"मग त्यांना सांग, दोरा मजबूत वापरायला सांगितलाय."

आता ओरडा बसणार म्हणून स्वरदा मान खाली घालून उभी राहिली. पण मॅडमनी नकाशा लहान करायला लावला. मालवण बारीक झालं, भारत बारीक झाला, आणि पडद्यावर सगळ्या पृथ्वीचं पाणी आलं. त्यात हजाराहून जास्त ठिपके. चिलीच्या खाली, जपानच्या पलीकडे, बर्फाच्या अगदी कडेला.

"हे सगळे सफरसारखेच," मॅडम म्हणाल्या. "यातल्या कितीतरी देशांचं एकमेकांशी धड बोलणंही नाही. पण ठिपका कोणीही सोडलेला असो, त्याचं म्हणणं सगळ्यांना फुकट वाचायला मिळतं. वादळाचा अंदाज सगळ्यांनाच लागतो ना."

एका खोक्यापायी फ्रान्स, कोरिया आणि ब्राझील काळजीत पडले होते, आणि काळजी बोरिवलीची नव्हती, सगळ्यांच्या पाण्याची होती. स्वरदाला एकदम आपण फार लहान आहोत असं वाटलं, आणि त्याच वेळी कधी नव्हे एवढं मोठंही.

"त्याचं आता काय होणार?" झुहुराने विचारलं.

सोमवारी सगळ्या देशांची बैठक होती. जमिनीवर गेलेल्या चेंडूंची नावं तिथे कापली जात. तोपर्यंत सफर खोल पाण्यात असला तर वाचला. नाहीतर तो परत पोहायला लागला तरी त्याचं कुणी ऐकणार नव्हतं.

त्या दुपारी स्वरदा टेलरच्या दुकानात बसून एकेक ठिगळ उसवत होती आणि शेजारी बसून आई, इतकं सुंदर काम वाया गेलं म्हणून हळहळत उसवत होती. नळी परत बांधून संध्याकाळच्या गाडीत सफर चढला. खोक्यात उरलेली जागा रिकामी कशी पाठवायची, म्हणून आईने त्यात लाडू भरले. या वेळी बर्फ नाही, हे तिने ड्रायव्हरला स्वतः समजावलं.

रविवारी सकाळी मामाचा फोन आला.

"बंदरावर उभो आसय. होडी सुटता हा. पण अगो, ह्यो परत कोणाच्या तरी जाळ्यात गावतलो. तुझा नाव ऱ्हवला तर परत बोरिवलीक धाडतले. नाव पुसलंय तर पोलिसांत देतले. काय लिवू ता सांग."

स्वरदाने घाईघाईने सुरुवात केली. हा चेंडू अनेक राष्ट्रांच्या संयुक्त सागरी संशोधनाचा...

"चेंडवार लिवचा आसा, फळ्यार न्हय," मामा म्हणाला.

दुसऱ्या फोनवर झुहुरा होती. तिला विचारलं, तुमच्याकडचे कोळी काय करतील? ती म्हणाली, तेही पाठवतीलच की. हरवलेलं घरी पोचवू नका, असं कुणाला कसं सांगायचं? मामाच्या मागून होडीचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. स्वरदाने डोळे मिटले, कालचे ते सगळे ठिपके आठवले आणि मामाला दोन छोटी वाक्यं सांगितली. मामाने ती एकदा मोठ्याने म्हणून बघितली. मग म्हणाला, "बरा लिवलंस," आणि फोन ठेवला.

संध्याकाळी ठिपका निळ्यात होता. पाणी अठ्ठावीस अंश. झुहुराने हसरे चेहरे पाठवले, आणि मामाने होडीच्या लाल रंगात अक्षरं रंगवलेल्या सफरचा फोटो. रेवती मॅडमनी तो फोटो सगळ्या देशांना पुढे धाडला. रात्री फ्रान्सच्या बाईंचं उत्तर आलं: तुमचा समुद्र गोठला नाही हे वाचून बरं वाटलं, पण त्या लाल अक्षरांचा अर्थ काय? आमच्याही चेंडूंवर लिहायचं म्हणतोय.

मॅडमनी ईमेल स्वरदाकडे पाठवलं. तिने शब्दकोश काढला, मग बाजूला ठेवला, आणि जसंच्या तसं सांगितलं:

ह्याला घरी पाठवू नका. हा घरीच आहे.