कॉयचं बटण अडकलं

गाडीत बसायच्या आधी कॉय लेडबेटरला सँडविच खावंच लागायचं. भूक लागली म्हणून नाही हं! त्याच्या गाडीच्या बॉनेटवर हातभर अक्षरांत ‘स्ट्राउड पिमेंटो चीज’ असं लिहिलेलं होतं, आणि त्या चीजच्या मालकीणबाई वर्ना स्ट्राउड प्रत्येक रेसच्या आधी स्वतःच्या हाताने केलेलं सँडविच घेऊन पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या तयार करायच्या जागेत, हजर व्हायच्या. चीज, मेयोनीज, लाल मिरची, सगळं कालवून ब्रेडमध्ये ठासून भरलेलं. कॉय मोठा घास घ्यायचा, डोळे मिटून मान डोलवायचा आणि कोणीतरी फोटो काढायचं.

त्या शनिवारी त्याने मान जरा जास्तच डोलवली. कारण सगळीकडे कुजबूज होती की पुढच्या वर्षी वर्नाबाई त्याला सोडून दुसऱ्या कुठल्यातरी पोराच्या गाडीवर आपलं नाव लावणार. आणि गाडीचा सगळा खर्च त्यांचा, म्हणजे वर्नाबाई गेल्या की गाडी गेली. मग कॉय आपला सासऱ्याच्या गॅरेजात ट्रकखाली झोपून ऑइल बदलायला मोकळा.

"आज जरा पुढे राहा रे बाळा," वर्नाबाई म्हणाल्या. "या वर्षी टीव्हीवर माझं नाव एकदाच दिसलं, तेही तुझी गाडी दोरीने ओढून नेत होते तेव्हा."

"आज बघाच तुम्ही! आणि सँडविच काय झालंय, वा!" म्हणत कॉयने उरलेला तुकडा ग्लव्ह घातलेल्या मुठीत दाबला, बाईंची पाठ वळताच टायरच्या ढिगामागे भिरकावला आणि खिडकीतून गाडीत शिरला. ग्लव्ह पुसायचा राहिला. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

कारण असं बघा, या गाडीत बसलेल्या माणसाला धड मानही वळवता येत नाही. शेजारी कोण आलंय, मागून कोण घुसतंय, हे त्याला प्रेक्षकांच्या स्टँडच्या छतावर उभा असलेला स्पॉटर रेडिओवरून सांगतो. कॉयचा स्पॉटर म्हणजे त्याचा मेव्हणा एमेट. एमेट श्वास घ्यायला थांबत नाही. "आत गाडी, आत गाडी, गेली, आता बाहेर, दाब, दाब!" असं शेवटच्या फेरीपर्यंत चालू. कॉयला काही सांगायचं असेल तर त्याने स्टिअरिंगवरचं बटण दाबायचं आणि बोलून झालं की सोडायचं. दाबलेलं असेतो समोरच्याचं काही ऐकू येत नाही.

आणि हे बोलणं खासगी बिसगी काही नसतं! भाड्याने हेडफोन मिळतात, अर्धं स्टँड ते कानाला लावून बसतं. वर्नाबाईंनी तर चर्चला घालायच्या टोपीवरूनच चढवले होते.

हिरवा झेंडा पडला, रेस सुटली. कॉयने चीजने माखलेल्या अंगठ्याने बटण दाबलं, "गाडी मस्त पळतेय" म्हणाला, अंगठा उचलला. बटण काही उचललं गेलं नाही. चीजमध्ये घट्ट रुतून बसलं.

कानात एकदम शांतता. एमेट गप्प! कॉयच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती, एवढ्या काळात एमेट गप्प बसल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"एमेट? ए मेव्हण्या, झोपलास का?"

छतावर एमेट घसा फाडून ओरडत होता, "बटण सोड! कॉय, बटण!" पण ते ऐकणार कोण? दोन फेऱ्या झाल्या, तीन झाल्या. कॉयच्या मनात आलं, हा रुसला. नक्की रुसला.

"हे बघ, तुझ्या त्या मासे धरायच्या काठीवरून चिडला असशील तर कबूल करतो. रात्री कचरा उकरायला येणाऱ्या रकूनने नाही मोडली. माझ्याच गाडीच्या डिकीत मोडली. रकूनचं नाव मी घेतलं."

स्टँडमध्ये पन्नासेक माणसं हसली. त्यांना हसताना बघून ज्यांच्याकडे हेडफोन नव्हते ते आणायला धावले.

"अजून गप्पच? अरे, एवढं काय? तुझ्या किती गोष्टी मी पोटात ठेवल्यात! चर्चच्या स्वयंपाकाच्या स्पर्धेत तुझ्या मटणाच्या स्टूला पहिलं बक्षीस मिळालं. ते दुकानातल्या डब्यातलं होतं, हे मी कोणाला सांगितलं का? आजपर्यंत एका शब्दाने नाही!"

छतावरचे बाकीचे सगळे स्पॉटर एमेटकडे वळले. खाली तिसऱ्या रांगेत त्यांच्या चर्चचे पास्टर बसले होते. त्यांनी सावकाश मान उचलून छताकडे बघितलं. एमेटने शर्ट काढला आणि कॉयला दिसावा म्हणून दोन्ही हातांनी गरागरा फिरवायला लागला.

"छतावर कोणीतरी उघडा नाचतोय," कॉय म्हणाला. "आणि तू माझ्याशी बोलत नाहीस."

मग टीमचा प्रमुख ओडेल पुढे झाला. त्याने फळा घेतला, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं ‘बोलू नकोस’, आणि पिटच्या भिंतीवरून पुढे धरला. कॉय समोरून सुसाट गेला, पण वाचलं त्याने.

"बोलू नकोस? म्हणजे ओडेल, तूसुद्धा?" कॉय ओरडला. आणि मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चुकीचाच, पण लख्ख. "आलं लक्षात. वर्नाबाई सोडून चालल्या ना? सांगितलं ना त्यांनी तुम्हाला? म्हणून तोंडं शिवून बसलाय सगळे!"

"नाही रे गाढवा!" ओडेल फळा आपटत ओरडला. तेवढ्यात निवेदकाने कॉयचा आवाज सरळ मैदानाच्या भोंग्यांवर जोडून दिला.

"मग जाऊ दे! आता लपवायचं कशाला?" भोंग्यांतून कॉय गरजला. "तीन वर्षं! तीन वर्षं ते चीज खातोय मी! वॉलपेपर चिकटवायची खळ बरी! टाळूला चिकटतं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुटत नाही! घरी दिलेला डबा कुत्र्यापुढे ठेवला. त्याने परसात खड्डा खणून पुरला. मग त्याला तेही पटलं नाही, उकरला आणि शेजाऱ्याच्या परसात नेऊन पुरला!"

सगळं मैदान एकदम वर्नाबाईंकडे बघायला लागलं. बाई ताठ बसल्या होत्या. टोपीसुद्धा हलली नाही.

गंमत म्हणजे कॉय पुढे पुढे सरकत होता! स्पॉटर गप्प झालाय म्हटल्यावर तो स्वतःशीच मोठ्याने बोलत गाडी चालवत होता. "आता खालून घुसतो... आता वर जातो..." बाकीच्यांचे स्पॉटर ते ऐकून आपापल्या ड्रायव्हरला सांगत होते, "बाबा रे, लेडबेटर आत येतोय, त्याला कोणी वाट दाखवणारं नाही, जागा दे, नाहीतर तुलाही घेऊन भिंतीत जाईल." कॉयला वाटलं, आज आपला हात बसलाय.

शेवटी कुणाची तरी गाडी गरगरली, वेग कमी करायचा पिवळा झेंडा आला आणि सगळे पिटमध्ये आले. टायर बदलेपर्यंत ओडेल खिडकीतून कमरेपर्यंत आत घुसला आणि त्याने पेचकसाने बटण खरवडलं. टपकन चीजचा गोळा निघाला. आणि कॉयच्या कानात एमेटचा आवाज आला. एवढा हळू बोलताना त्याला कोणी ऐकलं नव्हतं.

"कॉय. सगळ्यांनी ऐकलं."

"काय ऐकलं?"

"सगळं."

"कुठपासून?"

"काठीपासून."

 मग कॉयने विचारलं, "वर्नाबाईंनी?"

"पहिल्या रांगेत आहेत त्या."

हेल्मेटच्या आत कॉयचे कान असे तापले की काच धूसर झाली. त्याला वाटलं, असंच गेटातून बाहेर पडावं आणि हायवेला लागावं. "एमेट," तो म्हणाला, "मी कितवा आहे?"

"चौथा! आयुष्यात पहिल्यांदा!"

"चौथाच ठेव मला. पहिल्या तिघांना स्टँडसमोर माइकवर बोलवतात. मला चौथंच राहायचंय."

आणि तो खरंच चौथा राहिला. शेवटच्या फेरीपर्यंत इमानदारीत चौथा. मग शेवटच्या वळणावर पुढच्या दोघांनी एकमेकांना घासलं, दोघे भिंतीला लागले, आणि ब्रेक दाबत दाबत कॉय दुसरा आला.

माइक समोर आला. या लोकांचं ठरलेलं असतं, देवाचे आभार, घरच्यांचे आभार, बॉनेटवर ज्याचं नाव त्याचे आभार, सगळं एका दमात. स्टँडमध्ये एक माणूस हलेना.

"देवाचे आभार," कॉय म्हणाला. "घरच्यांचे आभार. आणि..." वर्नाबाई पर्स काखेत धरून समोरच उभ्या होत्या. त्याला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. तो त्यांच्या बुटांकडे बघून म्हणाला, "बाई, माझं चुकलं."

वर्नाबाईंनी त्याच्या हातातून माइक काढून घेतला.

"गेटाजवळचा माझा चीजचा स्टॉल रिकामा झालाय," त्या म्हणाल्या. "रेस संपायच्या आतच. लोक रांग लावून विचारत होते, कुत्र्याने पुरलं ते हेच का? दोन दोन डबे नेले. तुला आवडतं असं सांगून तीन वर्षांत जेवढं खपलं नाही, तेवढं आज एका दुपारी खपलं. पुढच्या वर्षीही गाडी तुझीच."

सगळं मैदान ओरडलं. कॉयच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई, तुम्ही म्हणाल ते करीन!"

"करशीलच," वर्नाबाई म्हणाल्या.

म्हणून नव्या मोसमातल्या पहिल्या शनिवारी, गाडीत बसायच्या आधी, कॉय लेडबेटर चीजच्या स्टॉलमागे एप्रन घालून उभा होता. शेजारी वर्नाबाई. समोर पार पार्किंगपर्यंत रांग, आणि रांगेत सर्वांत पुढे पास्टर.

"बोल, त्या दिवशी भोंग्यावर बोललास तसंच," वर्नाबाई म्हणाल्या.

कॉयचे कान लाल झाले. त्याने बाईंकडे बघितलं, पास्टरकडे बघितलं, मग जमिनीकडे. "जरासं... म्हणजे किंचित... टाळूला चिकटतं," तो पुटपुटला.

"मोठ्याने बोल बाळा," वर्नाबाई नवा डबा उघडत म्हणाल्या. "मागच्यांना ऐकू जात नाहीये."