गोलरक्षकाचं नेमकं कुठं दुखतं

परदेशी खेळाडूला एकटेपणा येऊच शकत नाही, हे शास्त्रानं सिद्ध केलं आहे. (शास्त्र आमच्या क्लबच्या अध्यक्षांचे मेहुणे शिकवतात.) ज्या माणसाकडे दर रविवारी चाळीस हजार लोक टक लावून बघतात, तो एकटा असेलच कसा?

तरीही खबरदारी म्हणून आमच्याकडे परदेशी खेळाडू कल्याण समिती आहे. मी तिचा सचिव. यंदा परदेशातून एक गोलरक्षक आणला, त्याला आम्ही काही म्हणून कमी पडू दिलं नाही. ऐसपैस घर दिलं. जेवणाचं टेबल बारा जणांचं. (तो कडेच्या एका खुर्चीवर बसतो. बाकीच्या खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही. वस्तू जपून वापरणारा मुलगा.) भाषा शिकवायला मास्तर ठेवले. त्यांनी 'विजय सगळ्यांचा आहे' आणि 'आता लक्ष पुढच्या सामन्यावर' ही दोन वाक्यं त्याच्याकडून घोटून घेतली. पत्रकारांना तेवढी पुरतात. शेजाऱ्यांना पुरत नाहीत, पण शेजारी कुठं विचारतात?

मग त्याचा गुडघा दुखू लागला. फिजिओबाईंनी चोळला, बरा झाला. दुसऱ्या दिवशी खांदा. मग घोटा, मग मनगट, मग पुन्हा गुडघा, पण दुसरा. तपासण्या केल्या तर हाडं ठणठणीत. एवढा महागाचा माल असा रोज नव्या ठिकाणी दुखायला लागल्यावर समितीच्या तोंडचं पाणी पळालं. फिजिओबाईंना बोलावून घेतलं.

"तुम्ही त्याला नेमकं करता काय?"

"काही नाही हो. टेबलावर झोपवते आणि विचारते, कुठं दुखतंय बाळा? की लागला बोलायला, त्याच्या भाषेत. मला अक्षर कळत नाही. मी आपली हं हं करते."

"आणि दुखणं?"

"दुखतंय कुठं त्याचं काही! बोलायला माणूस द्या त्याला, माणूस."

समितीनं ही सूचना अत्यंत गांभीर्यानं घेतली आणि मालिशचं यंत्र मागवलं. यंत्र उत्तम आहे. चालू असताना घूं घूं करतं, म्हणजे 'हं हं'चीही सोय झाली. त्या दिवसापासून त्याच्या तक्रारी साफ बंद. माझा सत्कार झाला.

मधे एकदा त्यानं घरी फोन केला. (दुभाषा आम्ही ठेवलेला आहे, पण फोन ऐकायला आणि निरोप वाचायला. त्याच्याशी बोलणं दुभाष्याच्या कामात बसत नाही.)

"आई, मी परत येऊ का गं?"

"वेड लागलंय का तुला? चौकात तुझा केवढा मोठा फलक लावलाय! लोकांना काय तोंड दाखवू मी?"

"नाही, सहज विचारलं. मजेत आहे मी."

दुभाष्यानं आम्हाला कळवलं, खेळाडू मजेत आहे. आम्ही तशी नोंद केली.

तो फलक तुमच्याच चौकातला, तुम्हाला ठाऊकच आहे. त्याच्याखाली उभं राहून तुम्हीच तर फोटो काढलात आणि 'आपला पोरगा!' असं लिहून त्याला पाठवलात. त्याचं उत्तर लगेच आलं होतं: 'कसे आहात? वेळ असेल तर फोन करा ना.' बघा एकदा, तुम्ही ते अजून उघडलेलं नसेल. घाई नाही. आता त्याचं कुठंच काही दुखत नाही.