तिसऱ्या तबकडीची मागली बाजू

रोज दुपारी चारला आमच्या खालच्या मजल्यावर पियानो सुरू होतो आणि थोड्याच वेळात शामनानांचा आवाज येतो, "जपून रं गड्या, जपून." ही सूचना पियानो वाजवणाऱ्याला असते. तो गोरा गृहस्थ जाऊन कैक वर्षं झाली. त्याने वाजवलेलं आता बदलणार नाही, हे नानांना कळतं. पण सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नाही.

नाना म्हणजे माझे घरमालक. काळजी करायला त्यांना कारण लागत नाही. उलट कारण नसलं की ते जास्त घाबरतात. सांगलीला डॉक्टरांकडे अकराची वेळ असली की पहाटे पाचला विट्याच्या स्टँडवर हजर. वर ड्रायव्हरकडे टायरची चौकशी. गॅसचं बटण स्वतः बंद करतात आणि मग मला खाली बोलावून बघायला लावतात. मी शाळामास्तर असल्याने माझी साक्ष त्यांना चालते.

त्यांची उमर कोलकात्यात सोन्याच्या गलाईत गेली. आमच्या भागातली पुष्कळ माणसं याच धंद्यात देशभर पांगलेली आहेत. जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं, तर भट्टीतल्या मुशीवरची नजर हलवून चालत नाही. दुकानातला केरही टाकायचा नाही, त्यात कण असतो. नाना अजून घरच्या केरात बोट फिरवून बघतात.

तिथेच त्यांच्या वरच्या खोलीत पियानो शिकवणारी एक म्हातारी मिसबाई राहायची. नानांच्या पत्नी हौसाकाकी तिला रोज पिठलं-भाकरी पाठवायच्या. परदेशी भाचीकडे कायमची निघताना बाईने तबकड्यांची पेटी आणि वाजवायचं यंत्र काकींच्या हवाली केलं. सगळ्या तबकड्या एकाच म्हाताऱ्या गोऱ्या वादकाच्या, सगळे सोनाटे. सोनाटा म्हणजे एकट्या पियानोची तीन-चार भागांची लांब रचना, हे मला नानांनी सांगितलं. त्याआधी माझी धाव शाळेच्या प्रार्थनेतल्या पेटीपर्यंतच होती.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी सरळ कंटाळलो. मग एकदा संथ भाग चालू असताना नाना म्हणाले, "मास्तर, ह्यो सूर वाजवून मोकळा हुईत न्हाई. सोडलेल्या सुराचं काय हुतंय ते बगत बसतो." तसं ऐकून बघितलं आणि खरंच, तो माणूस थांबत होता. सूर विरून जाईपर्यंत दुसऱ्याला हात लावत नव्हता. त्या दिवसापासून मीही चारला खाली जाऊ लागलो.

नानांचा जीव टांगणीला लागतो तो तिसऱ्या तबकडीच्या मागल्या बाजूला. शेवटचा भाग भलता वेगाचा. म्हाताऱ्याची बोटं धावत सुटतात आणि एका वळणावर धडपडतात, दोन-तीन सूर चक्क चुकतात. त्या काळी एका दमात वाजवायचं आणि झालं ते तसंच ठेवायचं. ते वळण जवळ आलं की नाना उठून उभे राहतात. "जपून" म्हणतात. म्हातारा पडतो तो पडतोच. मग नाना खिडकीजवळच्या कॉटकडे बघतात आणि खाली बसतात.

कॉटवर हौसाकाकी असतात. गेल्या दिवाळीत अर्धांगवायूने उजवं अंग गेलं, वाचाही गेली. डोळे उघडे असतात, पण त्यांना किती समजतं ते डॉक्टरांनाही सांगता येईना. त्यांची झोपमोड झाली का, हेच नाना बघत असावेत असं मी धरून चाललो होतो.

परवा यंत्राचा रबरी पट्टा तुटला. नवा मुंबईहून यायला आठवडा लागणार होता. नानांनी परकराचं इलॅस्टिक लावून बघितलं, तर म्हातारा झिंगल्यासारखा वाजवू लागला. साडेतीनला ते माझ्या दारात आले. मी हसून म्हणालो, एक दिवस नाही ऐकलं तर काय बिघडणार आहे. तेव्हा ते पायरीवर बसले आणि म्हणाले, "माज्यासाटी न्हाई लावत ओ मास्तर. त्यो पडला की ही चुलीपासनं वरडायची, पडला बगा तुमचा म्हातारा. तीस वर्सं वरडली. आत हाय का न्हाई ती, एवढंच बगतो रोज."

मला माझ्या हसण्याची लाज वाटली. मी घाईघाईने फोनवर शोधलं. तोच माणूस, तोच सोनाटा सापडला, आणि चारच्या ठोक्याला फोन काकींच्या उशाशी ठेवला. वळण आलं. नाना उठले, "जपून" म्हणाले. आणि म्हातारा न अडखळता पुढे निघून गेला.

मी वेगळ्या वर्षीचं, बिनचूक वादन लावलं होतं. एवढं साधं बघायचं मला सुचलं नव्हतं. नानांचा चेहरा उतरला. कॉटकडे न बघताच ते खाली बसले. मी फोन बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात कॉटच्या लोखंडावर टकटक झाली. काकींचा डावा हात होता. कपाळाला आठ्या पडल्या होत्या. तोंड वाकडं होत होतं, ओठ जुळत नव्हते. कितीतरी वेळाने शब्द आला.

"पडला... न्हाई."

नानांनी हळूच सरकून तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"न्हाई पडला, हौसा," ते म्हणाले. "चुकून दुसराच लागला. पट्टा आला की आपला पडनारा लावू."