आवरलेलं वादळ

गावात त्याला सगळे फूटपट्टी म्हणत आणि त्याला त्याचा रागही येत नसे. त्याच्या टोमॅटोच्या ओळी इतक्या सरळ, की कोंबडीसुद्धा त्याच्या शेतात दबकून चाले. अशा माणसाच्या शेतात वादळ शिरलं. बांबू मोडले, तारा तुटल्या, गोदामाचे पत्रे उडाले, टोमॅटो मातीत लोळले. आता सरकारी मदत मिळाली तरच हंगाम सरायच्या आत नवी रोपं लागणार होती.

"पंचनाम्याला साहेब यायचेत," बायको म्हणाली. "आहे तसं राहू द्या."

"अगं, परका माणूस दारात येणार आणि त्याला हा पसारा दाखवायचा? अब्रू जाईल."

साहेब येईपर्यंत तो नुसता राबला. बांबू उचलले, टोमॅटो खड्ड्यात लोटले, पत्रे ठोकून बसवले, रान नांगरून सपाट केलं. बायकोनं कपाळाला हात लावला.

साहेबांनी बांधावरून इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं.

"नुकसान कुठंय?"

"आवरलं, साहेब."

"मग फोटो कशाचा काढू? नुकसान दिसलं पाहिजे, असा नियम आहे."

"सगळ्या गावाला विचारा की."

"गाव फोटोत येत नाही."

फूटपट्टीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारच्या चुलतभावाला कालच मदत मंजूर झाली होती. त्याचा गोठा वादळाच्या कितीतरी आधी आपणहून कोसळलेला. तो उचलला नाही, एवढंच त्या गृहस्थाचं कर्तृत्व. म्हणजे लोळणाऱ्याला मदत आणि राबणाऱ्याला ठेंगा? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. फूटपट्टी इतका भांडला, की साहेब कंटाळले.

"उद्या सकाळी याच वाटेनं परत जाणार आहे," ते म्हणाले. "मोडलेलं होतं तिथं आणून ठेवा. दिसलं तर बघू."

"नुसतं फेकून या," बायकोनं बजावलं आणि ती गुरांकडं गेली. तिथंच ती चुकली.

सकाळी साहेब आले. मोडके बांबू लांबीप्रमाणं लावलेले. पत्रे एकावर एक. टोमॅटोच्या दोन ओळी, दोरी धरल्यासारख्या.

"हे वादळानं केलं?"

"हो."

"वादळानं फुटके आणि अख्खे वेगळे केले?"

"एकत्र ठेवले तर अख्खेही नासतात," फूटपट्टी म्हणाला.

साहेबांनी फोन खिशात टाकला. "मला बनवता काय?"

ते ऐकलं आणि बायकोचा बांध फुटला. नवी रोपं गेली, वर्ष गेलं, आणि हा माणूस टोमॅटो निवडत बसलाय. तिनं एक ओळ लाथेनं उधळली. बांबू भिरकावले. पत्रे ओढून चिखलात लोळवले.

"असं आलं होतं वादळ, साहेब," ती ओरडली. "इकडून आलं, हे असं केलं आणि तिकडं गेलं."

साहेब एका झाडाआड सरकले आणि तिथून भराभर फोटो काढले. "आता कसं अगदी नैसर्गिक वाटतंय," ते म्हणाले.

मदत आली. रोपंही वेळेत लागली. फूटपट्टीचा संताप मात्र उतरलेला नाही. नुकसान कसं दिसावं याचा नमुना म्हणून त्याच्या शेताचा फोटो कचेरीच्या फलकावर लागलाय, खाली त्याचं पूर्ण नाव. तो काढावा म्हणून फूटपट्टी हेलपाटे घालून थकला. आता त्याचं एवढंच म्हणणं आहे, की निदान सरळ तरी लावा.