दिगूभाऊंचं अपील

मी मुलीचा मोबाइल आठ दिवसांसाठी जप्त केला, तर दुसऱ्या दिवशी माझ्याच दारात माझ्याविरुद्ध अपील दाखल झालं. टाइप केलेलं, समास सोडून, तीन प्रतींत. ‘अपिलार्थी वयानं लहान आहे. पहिलाच गुन्हा आहे. शिक्षा कमी करावी.’

हे लिहिणारे दिगूभाऊ आमचे शेजारी. पुसदच्या कोर्टात टायपिस्ट होते, आता रिटायर. हिवाळ्यात दुपारभर अंगणातल्या कोवळ्या उन्हात खुर्ची टाकून डोळे मिटून बसतात. झोपले म्हणावं, तर बोटं मांडीवर टाइप करत असतात. कुणी कुत्र्याला हाकललं की डोळे न उघडता म्हणतात, "गुन्हा कबूल. पन शिक्षा जास्त होऊन राह्यली." नुसता वैताग आहे माणूस. मोबाइल मात्र मी चौथ्या दिवशी देऊन टाकला.

मागच्या आठवड्यात मी माहेरी, उमरखेडला निघाले होते. तिथंच त्यांचा धाकटा भाऊ वसंता राहतो. दिगूभाऊंनी त्याच्यासाठी एक कागद हातात दिला. "मास्तरीणबाई, चुका पाहून घ्या," म्हणाले.

चुका कसल्या पाहते! कागदात सगळी जुनी हकिकत होती. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून झालेल्या भांडणात वसंतानं एकाचं डोकं फोडलं, पाच वर्षांची कैद लागली. शिक्षा फार झाली, अपील करा, असं सगळे सांगत होते. दिगूभाऊच अडून बसले. कोर्टाचं मीठ खाऊन कोर्टाविरुद्ध कागद कसा घालू? तोवर मुदत गेली. वसंतानं पाचही वर्षं भोगली, आणि सुटल्यापासून भावाशी एक शब्द बोलला नाही. त्याला आता वीस वर्षं झाली.

खाली टाइप केलं होतं, ‘गुन्हा कबूल आहे. अबोल्याची शिक्षा जास्त होते. कमी करावी.’ मुदत उलटल्यावर जोडतात तो विलंब माफीचा अर्जही होता. उशिराचं कारण दोनच शब्दांत: ‘लाज वाटली.’

वसंताभाऊंनी ते ओट्यावर उभ्यानंच वाचलं. परत वाचलं. मग माझं पेन मागितलं.

मी परतले तेव्हा दिगूभाऊ तसेच उन्हात होते, डोळे मिटून. मी कागद पुढे केला, तर "तुमीच वाचा," म्हणाले.

मी वाचलं. ‘विलंब माफ. अपिलार्थीनं रविवारी जेवाले हजर राहावं.’

मांडीवरची बोटं थांबली. डोळे उघडून त्यांनी विचारलं, "बाई, तारखेवर लवकर जा लागते. उमरखेडची पयली यष्टी केव्हा हाय?"