मिस्त्री मशीन बंद करतात

पंखा लावायला म्हणून मिस्त्रींच्या बायकोनं बोर्डावरचं बटण दाबलं आणि टेबलावर ठेवलेला सँडर सुरू झाला.

सँडर म्हणजे खाली खरखरीत पट्टा फिरणारं, लाकूड घासायचं मशीन. कुणी धरलेलं नसलं की ते पट्ट्यावर पळत सुटतं. तेही पळालं. गुळगुळीत केलेल्या टेबलावर चर पाडत दुसऱ्या टोकाला गेलं, खाली पडलं आणि पाय पसरून बसलेल्या मेव्हण्याच्या अंगावर धावून गेलं. त्यानं पाय वर घेतले म्हणून वाचला. चप्पल मात्र फाटली.

"बोर्ड!" मिस्त्री ओरडले. तोवर बायकोनं बटण बंद केलंही होतं.

ह्या कारखान्याची रीतच ही. मिस्त्री ट्रिगर ओढणार, अंगठ्यानं शेजारचं लॉकचं बटण दाबणार, की मशीन आपोआप चालू राहतं, बोट दुखत नाही. इथवर ठीक. पण बंद करायला पुन्हा ट्रिगरला हात लावतील तर शपथ. "बोर्ड" म्हणून हाक मारायची आणि इतरांनी हातातलं टाकून भिंतीकडे धावायचं. लॉक तसंच. असं मशीन वीज येताच सुरू होणार, हे कळायला काय ज्योतिषी लागतो? पण ह्या माणसाला सांगणार कोण?

"डोळे फुटले होते का तुझे? पंख्याचं बटण कळत नाही?"

"दोन्ही बटणं शेजारीशेजारी आहेत. आणि मशीन लॉक करून कुणी ठेवलं?"

"दाजी, माझा पाय गेला असता," मेव्हणा म्हणाला. "कितीदा सांगितलं, लॉक सोडत जा."

"गेला का पाय? नाही ना? मग टेबलाचं बोल."

टेबलाचं बोलायलाच हवं होतं. हॉटेलवाले शेठ ते बघायला येणार होते. पसंत पडलं तर नव्या हॉलचं सगळं काम ह्यांना, नाहीतर पुन्हा लोकांच्या मोडक्या खुर्च्या ठोकत बसायचं. भांडण रंगात आलेलं असतानाच शेठ दारात उभे राहिले.

त्यांनी टेबल दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. जरासुद्धा डुगडुगलं नाही. "सांधे कुणी केले?"

"मी," मेव्हणा म्हणाला.

शेठनी चरावरून बोट फिरवलं. "आणि हे?"

"ह्यांचा निष्काळजीपणा," मिस्त्री भडकून म्हणाले. "मशीन लॉक करून ठेवतात. थांबा, कसं चालवायचं ते तुमच्यासमोरच दाखवतो." त्यांनी सँडर उचलून टेबलावर टेकवला. "लाव गं बोर्ड."

"लॉक अजून सोडलेलं नाही."

"मला शिकवू नकोस."

तिनं बटण दाबलं. सँडरनं मिस्त्रींना फरफटत शेठच्या दिशेनं नेलं आणि पहिल्या चराशेजारी दुसरा पाडला. शेठ दाराबाहेर पळाले.

"बोर्ड! अगं, बोर्ड!"

बायको बोर्डाला पाठ लावून, हाताची घडी घालून उभी राहिली. मेव्हणाही जागचा हलला नाही. इतकी वर्षं धावून धावून दोघांचाही जीव विटला होता.

"ट्रिगर ओढा आणि सोडा," ती म्हणाली.

मिस्त्रींनी ओढला, सोडला. मशीन थांबलं. ते त्याच्याकडे बघतच राहिले.

शेठनी दारातून डोकं आत घातलं. "काम इथंच देतो, ताई. पण मशीन तुम्ही आणि तुमचे भाऊच चालवा."

"आणि मी?" मिस्त्रींनी विचारलं.

"तुम्ही पॉलिश करा," शेठ म्हणाले. "ब्रशनं."